नववीतला मुलगा, एक टेबल आणि सात हजार रुपये: वायरलेस कीबोर्ड-माउस निवडीचं एक प्रकरण

घर पुण्यातलं, कोथरूडमधला वन बीएचके. कॉम्प्युटर हॉलमध्ये आणि हॉलमधल्याच दिवाणावर आजी झोपतात. मुलगा नववीत, वय १४. मागणी अशी होती: ‘रंगीत लाइटवाला वायरलेस गेमिंग कॉम्बो’. त्याने स्वतः शोधून काढलेला सेट २,२०० रुपयांचा होता. आईवडिलांची तयारी ५,००० रुपयांची, त्यात मुलाने साठवलेल्या खाऊच्या पैशांतले २,००० मिळवायचे. म्हणजे ७,००० ही शेवटची रेघ.

परिस्थितीची नोंद आधी पूर्ण करून घेतली, कारण अशा खरेदीत चूक बहुतेक वेळा इथेच होते. लोक वस्तूपासून सुरुवात करतात आणि टेबल मोजायचं राहून जातं.

टेबल ९० सेंमी रुंद, ५० सेंमी खोल, सरकत्या ट्रेशिवायचं. त्यावर २२ इंची, ७५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ७५ चित्रं दाखवणारा मॉनिटर. वरच्या फळीवर, टेबलापासून साधारण ४० सेंमीवर, वायफायचा राउटर. सीपीयूच्या मागच्या बाजूला एक बाहेरची हार्ड डिस्क कायम जोडलेली. जुना कीबोर्ड साधा, वायरचा, नंबरपॅडसकट ४४ सेंमी रुंद. माउस ऑफिसातला, १,००० डीपीआयवर, म्हणजे इंचभर सरकल्यावर १,००० टिपणं देण्यावर बांधलेला. खेळ दोन: मुख्यतः व्हॅलोरंट हा नेमबाजीचा खेळ, आणि सुट्टीत मावसभावाबरोबर माइनक्राफ्ट. याच कीबोर्डवर शाळेचं पायथन, इन्स्क्रिप्ट या अक्षरमांडणीतलं मराठी टायपिंग आणि वडिलांचं नेट बँकिंगही चालतं. आजी साडेनऊला आडव्या होतात, मुलाला दहापर्यंत खेळायची मुभा. मुलाचा हात मनगटाच्या रेघेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत १६.८ सेंमी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: अभ्यासही याच टेबलावर. संध्याकाळी लाँगबुक उघडायचं तर कीबोर्ड उचलून बाजूला ठेवावा लागतो. दिवसातून तीन-चार वेळा.

वायरलेस नेमकं कशासाठी

वडिलांचा पहिला प्रश्न रास्त होता. वायरचा चांगला कीबोर्ड निम्म्या किमतीत मिळतो, मग वायरलेसचा हट्ट का? माउसच्या बाबतीत उत्तर सोपं आहे. माउस सतत हलतो, वायर टेबलाच्या कडेला घासते, मॉनिटरच्या पायाला अडकते आणि नेमक्या क्षणी हात ओढला जातो. वायर गेली की हा अडथळा खरोखर जातो.

कीबोर्ड मात्र खेळताना जागचा हलत नाही. खेळापुरतं बोलायचं तर वायरलेस कीबोर्डने काही साधत नाही, उलट चार्जिंगची एक कटकट वाढते. ज्या घरात खेळाचं टेबल वेगळं आहे तिथे सरळ वायरचा कीबोर्ड घ्यावा आणि वाचलेले पैसे माउसमध्ये घालावेत. या घरात चित्र वेगळं होतं. विणलेल्या आवरणाची जाड वायर रोज चार वेळा वाकवली, की ती सहसा तुटते ती कीबोर्डच्या सॉकेटपाशी. शिवाय टेबल मोकळं करायला अर्धा मिनिट जास्त लागला की मुलं वही मांडीवर घेऊन लिहितात, हे कोणत्याही आईला ठाऊक आहे. थोडक्यात, इथे वायरलेस कीबोर्डची गरज होती ती वहीसाठी. हे एकदा कळल्यावर कीबोर्डच्या आकाराचा प्रश्नही निम्मा सुटला, कारण उचलून मॉनिटरमागे उभा राहील असाच कीबोर्ड हवा होता.

वगळलेले पर्याय

२,२०० चा कॉम्बो आधी बाद झाला. डब्यावर ‘मेकॅनिकल फील’ असं छापलं होतं. या दोन शब्दांत जो ‘फील’ आहे तो नीट वाचावा. त्याचा अर्थ आत मेकॅनिकल स्विच, म्हणजे प्रत्येक बटणाखाली स्प्रिंगचा स्वतंत्र स्विच, नाहीत, साधा रबराचा पापुद्राच आहे, फक्त बटणं उंच आहेत.

रबराच्या कीबोर्डला मऊपणावरून नावं ठेवण्यात अर्थ नाही. खरी अडचण एका वेळी किती बटणं ओळखली जातात याची. कीबोर्डच्या आत शंभरेक बटणांसाठी शंभर वेगळ्या तारा नसतात. आडव्या आणि उभ्या रेषांची जाळी असते आणि प्रत्येक बटण म्हणजे एक छेदनबिंदू. जाळीतल्या एखाद्या चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले, की वीज आडवाटेने फिरते आणि चौथा कोपराही दाबल्यासारखा भासतो. प्रत्येक बटणाला स्वतंत्र डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, असेल तर ही आडवाट बंद होते. स्वस्त कीबोर्डमध्ये डायोड नसतात, म्हणून आतली चिप घोटाळा टाळण्यासाठी तिसरं बटण सरळ नाकारते. व्हॅलोरंटमध्ये शिफ्ट धरून हळू चालत, डब्ल्यू आणि डी ने तिरकं सरकत, त्याच वेळी ई किंवा क्यू ची क्षमता वापरायची असते. म्हणजे चार बटणं. ‘मी दाबलं होतं पण झालंच नाही’ ही तक्रार दर वेळी मुलाची सबब नसते.

घरच्या कीबोर्डची परीक्षा दोन मिनिटांत होते. नोटपॅड उघडायचं, दोन्ही बाजूंचे शिफ्ट डाव्या-उजव्या हाताने दाबून धरायचे आणि उरलेल्या बोटांनी ए ते झेड सगळी अक्षरं एकेक करून टाइप करायची. जी अक्षरं उमटत नाहीत ती त्या जाळीत अडकलेली. या घरच्या जुन्या कीबोर्डवर अशी अनेक अक्षरं गळाली. नवा घेताना माहितीपत्रकात ‘एन-की रोलओव्हर’ (कितीही बटणं एकदम ओळखणं) किंवा किमान सहा बटणांचा उल्लेख हवा. काहीच लिहिलेलं नसेल तर ‘नाही’ असंच समजावं.

दुसरा पर्याय मित्राकडून आला: ६१ बटणांचा छोटा कीबोर्ड, निळे स्विच. निळ्या स्विचमध्ये प्रत्येक दाबाला मुद्दाम ‘टिक’ असा आवाज काढणारी रचना असते. आजी दोन मीटरवर झोपलेल्या असताना तो प्रश्नच मिटला. ६१ बटणांचा आकारही इथे गैरसोयीचा होता. त्यात बाणांची बटणं आणि एफ-ओळ (एफ१ ते एफ१२) नसते, सगळं एफएन हे जोडबटण धरून करावं लागतं. पायथनच्या आयडल या सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्रॅम चालवायला एफ५ लागतं, माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत जागेचे आकडे बघायला एफ३ लागतं, आणि एफ३ बरोबर आणखी एखादं बटण दाबायचं झालं की एफएन धरून तीन बोटांची कसरत होते. मराठीची मात्र अडचण नव्हती. इन्स्क्रिप्टमध्ये ‘डॉक्टर’मधला ‘ॉ’ एंटरच्या वरच्या बॅकस्लॅशच्या बटणावर असतो, ‘ड’ चौकोनी कंसाच्या बटणावर, आणि ही बटणं छोट्या कीबोर्डवरही जागच्या जागी असतात. देवनागरी अक्षरं छापलेली नसतात, ती पाठ हवीत. स्टिकर लावले तर खालचा लाइट झाकला जातो.

तिसरा पर्याय सध्या शाळाशाळांत बोलला जातो तो: चुंबकीय, म्हणजे हॉल इफेक्ट स्विचचा कीबोर्ड. बटण किती दाबल्यावर नोंद व्हावी हे यात मिलिमीटरच्या दशांशात ठरवता येतं आणि बोट किंचित वर येताच बटण सुटल्याची नोंद होते. नेमबाजीच्या खेळात थांबून गोळी झाडताना याचा फायदा खरा आहे. पण या बजेटमध्ये तो जवळजवळ नेहमी वायरचाच मिळतो. शिवाय त्याबरोबर येणारी एक सोय, ए धरलेला असताना डी दाबला की ए आपोआप सोडणारी, सगळीकडे चालत नाही. काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर तो खेळ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०२४ पासून ती वापरणाऱ्याला सामन्यातून बाहेर काढायला सुरुवात केली. ज्याच्या मित्रमंडळात तो खेळ चालतो त्याने हे आधी माहीत करून घ्यावं.

ब्लूटूथ की डोंगल

डब्यावर ‘वायरलेस’ एवढंच लिहिलेलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही. ब्लूटूथ आणि २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल (यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथच्या बाजारातल्या बहुतेक उपकरणांत कॉम्प्युटरशी होणाऱ्या दोन भेटींमधलं किमान अंतर ७.५ मिलिसेकंदांचं, म्हणजे सेकंदाला फार तर १३३ वेळा माहिती जाते. गेमिंगच्या डोंगलवर ती १,००० वेळा, म्हणजे दर मिलिसेकंदाला जाते.

आता हिशोब प्रामाणिकपणे करू. ७५ हर्ट्झच्या मॉनिटरवर एक चित्र १३.३ मिलिसेकंद टिकतं. ब्लूटूथ आणि डोंगल यांतला सरासरी फरक तीन-साडेतीन मिलिसेकंदांचा, म्हणजे एका चित्राच्या पाव भागाएवढा. नववीतल्या मुलाला तो जाणवेलच असं नाही. मग डोंगल का घ्यायचा? ब्लूटूथचा त्रास सरासरीत नसतो, अधूनमधून होणाऱ्या दांडीत असतो. वायफाय गजबजलेल्या इमारतीत मध्येच एखादी भेट चुकते, माउसचा बाण क्षणभर थांबून उडी मारतो. वीज वाचवायला झोपी गेलेला कीबोर्ड जागा व्हायला सेकंदभर घेतो. आणि विंडोज सुरू होण्याआधी, बायोस या सेटिंगच्या पडद्यावर, ब्लूटूथचा कीबोर्ड सहसा चालत नाही.

याच हिशोबाने ४,००० किंवा ८,००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा माहिती पाठवणाऱ्या माउसवर जास्तीचे पैसे घालणंही ७५ हर्ट्झच्या पडद्यासमोर निरर्थक. वर प्रोसेसरवरचा भार तेवढा वाढतो.

कीबोर्डसाठी ‘तीन मोड’ असलेला, म्हणजे डोंगल, ब्लूटूथ आणि वायर तिन्हीवर चालणारा, अशी अट ठरली. इथे एक सापळा आहे. रॉयल क्लजच्या आरके६१ सारखी काही मॉडेल एकाच नावाने दोन प्रकारांत येतात, एकात डोंगल असतो आणि दुसऱ्यात नुसतं ब्लूटूथ. ऑनलाइन पानावर फोटो सारखाच, किमतीत चार-पाचशेचा फरक. डब्यातल्या वस्तूंच्या यादीत ‘रिसीव्हर’ शब्द आहे का ते बघून मगच पैसे भरावेत.

वायरचा मोड हवाच, त्याला आणखी एक कारण होतं: वडिलांचं नेट बँकिंग. २०१६ मध्ये बॅस्टिल या अमेरिकी सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं, की अनेक स्वस्त वायरलेस कीबोर्ड दाबलेलं प्रत्येक बटण कोणत्याही कुलपाविना, उघडं हवेत सोडतात आणि ते सुमारे २५० फुटांवरून टिपता येतं. त्याच वर्षी कित्येक नावाजलेल्या कंपन्यांच्या डोंगलमधूनही बाहेरच्याला खोटी बटणं घुसवता येतात हे उघड झालं. नव्या वस्तूंत सुधारणा झाल्या, पण साडेतीन हजारांच्या कीबोर्डचा डोंगल काय करतो हे डब्यावरून कळत नाही. पासवर्ड घालताना वायर लावून मोडचं बटण वायरवर सरकवायचं, एवढा नियम घरात ठरला. दहा सेकंदांचं काम.

टेबलाचं गणित

माउसचा वेग आधी ठरवला तरच टेबलावर किती जागा हवी ते कळतं. व्हॅलोरंटमध्ये सेन्सिटिव्हिटी (माउसच्या हालचालीला खेळ किती प्रतिसाद देतो तो आकडा) १ असताना माउसच्या एका टिपणाला नजर ०.०७ अंश वळते. मुलाचा जुना माउस १,००० डीपीआयचा आणि खेळात सेन्सिटिव्हिटी ०.८. म्हणजे एक इंच सरकवला की ५६ अंश, आणि पूर्ण गिरकीला १६ सेंमी. हात जरा थरथरला की नेम हलायचा, कारण हालचालीला वावच नव्हता. इतकी जास्त सेन्सिटिव्हिटी त्याने आवडीने ठेवली नव्हती. ४४ सेंमीच्या कीबोर्डने आणि वायरने उरलेल्या जागेत तेवढीच बसत होती.

८०० डीपीआय आणि ०.४५ धरलं तर पूर्ण गिरकीला ३६ सेंमी लागतात, पाठीमागे वळायला १८. त्यासाठी ४५ बाय ४० सेंमीचा पॅड हवा. नंबरपॅडचा ४४ सेंमीचा कीबोर्ड आणि ४५ चा पॅड मिळून ८९ होतात. ९० च्या टेबलात कागदावर बसतं, प्रत्यक्षात खांदा बाहेर फेकला जातो. एफ-ओळ आणि बाण असलेला, ८० ते ८४ बटणांचा, ज्याला बाजारात ७५ टक्के म्हणतात तो कीबोर्ड साधारण ३२ सेंमीचा. एकूण ७७. मॉनिटर एक वीतभर डावीकडे सरकवला आणि उजवीकडे पॅडला टेबलाची पूर्ण खोली मिळाली.

माउस

ऑनलाइन जाहिरातींत सगळा भर डीपीआयच्या आकड्यावर असतो. ८०० वर खेळणाऱ्याला १२,००० काय आणि २६,००० काय. बघायचं ते माप, वजन आणि सेल.

मापाचा ढोबळ नियम: माउसची लांबी हाताच्या लांबीच्या साठ टक्क्यांच्या आसपास. १६.८ सेंमी हाताला दहा सेंमीचा माउस आला. पण १४ वर्षांच्या मुलाचा हात अजून वाढत असतो. शाळेचे बूट घेताना अंगठ्यापुढे जागा ठेवतात, तसं इथे थोडं चालतं, फार नाही. मुलगा तळहात माउसवर न टेकवता बोटं पंजासारखी वाकवून धरतो, त्यामुळे किंचित मोठा माउसही हाताळता येणार होता.

निवडला लॉजिटेक जी३०४. लांबी ११६.६ मिमी, रुंदी ६२ मिमी, डोंगलवर १,००० हर्ट्झ, ब्लूटूथ नाही. हाच माउस इतर काही देशांत जी३०५ नावाने विकला जातो. पेन्सिल (एए) सेलसकट वजन ९९ ग्रॅम, आणि कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे एका सेलवर २५० तास. ९९ ग्रॅम आजच्या हिशोबाने जड आहे. पण या किमतीत आत बसवलेल्या बॅटरीपेक्षा बदलता येणारा सेल केव्हाही बरा. आतली बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते आणि तेवढ्यासाठी पूर्ण माउस टाकून द्यावा लागतो.

वजनावर उपाय आहे. अल्कलाइन पेन्सिल सेल साधारण २३ ग्रॅमचा. रिचार्जेबल पेन्सिल सेल त्याहून जड, २६-२७ ग्रॅम. त्याऐवजी रिमोटमधला बारीक (एएए) सेल, बारा-तेरा ग्रॅमचा, प्लास्टिकच्या नळीत घालून बसवला की माउस नव्वदीत येतो. चार्ज लवकर संपतो, पण रोज दीड तास खेळणाऱ्याला कित्येक आठवडे पुरतो. घरात बारीक रिचार्जेबल सेल आणि चार्जर होते, नळी दहा-वीस रुपयांची. एक लक्षात ठेवायचं: रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचा असल्याने सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासून ‘बॅटरी कमी’ दाखवू शकतं. तो सेलचा दोष नाही.

खरेदी

कीबोर्डचे स्विच हाताने दाबून बघण्यासाठी दुकानात जाणं भाग होतं. तपकिरी स्विचमध्ये मध्ये हलका अडथळा जाणवतो, लाल सरळ खाली जातो. मूळ चेरीचा लाल स्विच ४५ ग्रॅमच्या आसपासच्या दाबाला, २ मिमीवर नोंद करतो, एकूण खोली ४ मिमी. बाजारातले बहुतेक लाल स्विच त्याचीच नक्कल असतात. टायपिंगला तपकिरी बरा वाटला, आवाजात लाल. लाल ठरला. लाल म्हणजे ‘शांत’ असं विक्रेता सांगतो, ते अर्धसत्य आहे. ‘टिक’ नाही हे खरं, पण बटण तळाला आपटल्याचा आवाज असतोच.

सॉकेटमधून स्विच उपसून बदलता येतात का, हेही तिथेच विचारून घेतलं. त्याला हॉट-स्वॅप म्हणतात. एक स्विच बिघडला तर वीस-तीस रुपयांत काम भागतं, नाहीतर सोल्डरिंग आलं. सॉकेट तीन पायांचं आहे की पाच, तेवढं लिहून ठेवावं. पाच पायांत दोन्ही प्रकार बसतात, तीनमध्ये पाच पायांच्या स्विचचे प्लास्टिकचे दोन पाय कापावे लागतात.

वायरलेस कीबोर्ड भारतात सक्तीच्या नोंदणीखाली येतात. २०१२ च्या आदेशातल्या पहिल्या पंधरा वस्तूंतच त्यांचं नाव होतं. त्यामुळे कीबोर्डच्या पाठीवर किंवा डब्यावर भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह आणि ‘आर-’ ने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक असायला हवा. बीआयएस केअर ॲपमध्ये तो क्रमांक घातला की कंपनीचं नाव निघतं. एका दुकानात स्वस्त पडणाऱ्या एका कीबोर्डवर हा क्रमांकच नव्हता आणि ‘बिलाशिवाय घ्या, आणखी कमी करतो’ असंही ऐकायला मिळालं. जीएसटी १८ टक्के वाचतो हे खरं, पण बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही. ज्या वस्तूत बॅटरी आणि रेडिओ आहे, तिच्यात हा सौदा महागात पडतो.

अंतिम हिशोब: माउस २,७९५, कीबोर्ड ३,४९९, कापडी पॅड ४४९. झाले ६,७४३. उरलेल्या २५७ मधून राउटर आणि कॉम्प्युटर जोडणारी २५० रुपयांची पाच मीटर लॅन केबल घेतली. मुलाला ती केबल खरेदीतली सगळ्यात कंटाळवाणी वस्तू वाटली. गेमिंगला सर्वांत जास्त उपयोग तिचाच झाला, कारण मुंबईच्या सर्व्हरपर्यंतचा वेळ वायफायवर मध्येच तिप्पट व्हायचा, तो स्थिर झाला.

पहिल्या आठवड्यातले बिघाड

दुसऱ्याच दिवशी माउस अडखळू लागला. बाण चालता चालता थांबे आणि पुढे उडी मारी. पहिला संशय माउसवर गेला, बदलून घ्यायची तयारी झाली. कारण वेगळं होतं. डोंगल सीपीयूच्या मागे निळ्या यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये, त्याच्या शेजारच्या पोर्टात हार्ड डिस्क, आणि मध्ये सीपीयूचा लोखंडी डबा. यूएसबी ३ वर डेटा धावतो तेव्हा २.४ ते २.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओचा गोंगाट उठतो. इंटेलने हे २०१२ मध्येच एका टिपणात मांडलं आहे. डोंगल नेमका त्याच पट्ट्यात बोलतो, शेजारी कोणी ढोल वाजवत असेल तर कुजबुज कशी ऐकू येणार!

तपासणीचा क्रम असा ठेवला. हार्ड डिस्क काढली: अडखळणं थांबलं. परत लावून मोठी फाइल कॉपी केली: परत सुरू. डोंगल पुढच्या काळ्या यूएसबी २ च्या पोर्टात लावला: बरंच कमी झालं. मग माउसच्या डब्यात आलेली एक्स्टेन्शन वायर वापरून डोंगल पॅडच्या वरच्या कडेला, माउसपासून २०-२५ सेंमीवर आणून चिकटवला: पूर्ण बंद. कीबोर्डचा डोंगल मागच्या काळ्या पोर्टात, माउसच्या डोंगलपासून लांब राहिला. राउटरचं २.४ चं चॅनल ‘ऑटो’वरून १ वर बांधलं आणि घरातले मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर नेले. ही शेवटची पायरी कदाचित गरजेची नव्हती, पण राउटर डोक्यावरच असल्याने करून टाकली.

कीबोर्डच्या तक्रारी किरकोळ होत्या. विंडोजचं बटण आणि अल्ट उलटेसुलटे चालत होते, एफ५ दाबलं की भलतंच काही व्हायचं. बाजूची सरकपट्टी मॅकवर, म्हणजे ॲपलच्या कॉम्प्युटरसाठीच्या मांडणीवर होती. असे कीबोर्ड येतातच तसे, त्यामुळे परत पाठवण्याआधी ती पट्टी बघावी. दुसरं, टाइप-सी ते टाइप-सी वायर आणि फोनच्या चार्जरवर कीबोर्ड चार्जच होईना. स्वस्त उपकरणांत टाइप-सीच्या सॉकेटमागे चार्जरला ‘वीज दे’ असं सांगणारे रोधक बसवलेले नसतात. डब्यातली चपट्या यूएसबीची वायर कॉम्प्युटरला लावली, काम झालं. तिसरं, खेळताना चुकून विंडोजचं बटण लागून खेळ खाली जायचा. एफएन आणि विंडोज एकत्र दाबलं की या कीबोर्डवर ते कुलूपबंद होतं. मॉडेलप्रमाणे ही जोडी बदलते.

पहिल्या तीन दिवसांत प्रत्येक बटण ऑनलाइन कीबोर्ड टेस्टरवर वीस-वीस वेळा दाबून घेतलं. एका दाबाला दोन अक्षरं उमटणारा स्विच बदलीच्या मुदतीत सापडला पाहिजे, आणि ही मुदत अनेकदा सातच दिवसांची असते. माउसच्या डाव्या बटणाचंही तसंच: एका क्लिकला दोन क्लिक होत असतील तर लगेच परत.

विंडोजमध्ये ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ची खूण काढली, कारण त्यात हाताच्या वेगाप्रमाणे बाणाचं अंतर बदलतं आणि बाकीच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताला लागलेली सवय बिघडते. सेन्सिटिव्हिटी एकदम खाली आणली नाही. ८०० डीपीआयवर आधी ०.७, म्हणजे २३ सेंमीला गिरकी, आणि दोन आठवड्यांनी ०.४५. पहिले चार दिवस मुलगा रोज हरला आणि जुना माउस परत मागत होता. तेवढं धरून ठेवावं लागतं.

डोंगल जप्त करण्याची कल्पना

परीक्षेच्या आधी वडिलांनी सुचवलं: रात्री दहाला डोंगल काढून कपाटात. कल्पना सोपी, परिणाम वाईट. नखाएवढी वस्तू आठवड्यात हरवते. लॉजिटेकचा डोंगल हरवला तर नवा घेऊन कंपनीच्या सॉफ्टवेअरने जोडता येतो. साडेतीन हजारांच्या कीबोर्डचा डोंगल कारखान्यातच जोडलेला असतो, सुटा मिळत नाही, आणि मग उरतं ते ब्लूटूथ आणि वायर. वेळेची मर्यादा विंडोजच्या फॅमिली सेफ्टीमध्ये मुलाच्या खात्यावर लावली. डोंगल जागेवरून हलवायचा नाही, प्रवासात माउसच्या सेलशेजारच्या खोबणीत ठेवायचा.

तीन महिन्यांनी

कीबोर्डचा रंगीत लाइट पहिले दहा दिवस पूर्ण चालू होता, तेव्हा दर दोन-तीन रात्रींनी चार्जिंगला लावावा लागे. मुलाने आपणहून तो बंद केला, आता तीन आठवड्यांतून एकदा. माउसचा बारीक सेल एकदाच बदलला. वहीसाठी कीबोर्ड मॉनिटरमागे उभा ठेवला जातो, बटणं भिंतीकडे करून, म्हणजे धूळ बसत नाही. आई त्यावर चहाचा कप ठेवू देत नाही, हा नियम जुन्या कीबोर्डपासूनचा.

आजींची तक्रार शिल्लक राहिली ती स्पेसबारची. व्हॅलोरंटमध्ये उडी त्यावर, त्यामुळे तो सतत वाजतो आणि लांब बटणाखालची आधाराची तार सुटी असल्याने खडखडतो. बटण उपसायच्या चिमट्याने सरळ वर काढायचं, तारेची दोन्ही टोकं जिथे प्लास्टिकमध्ये बसतात तिथे दात कोरायच्या काडीने सिलिकॉन डायइलेक्ट्रिक ग्रीसचा मोहरीएवढा थेंब लावायचा आणि बटण परत बसवायचं. शिवणयंत्राचं तेल नको, ते स्विचमध्ये उतरून धूळ धरतं. ग्रीस लावल्यावर खडखड गेली, धप्प राहिली. तिच्यासाठी त्या एका जागी सायलेंट लाल स्विच मागवला आहे, आणि तो येईपर्यंत साडेनऊनंतर उडीचं बटण माउसच्या अंगठ्याखालच्या बटणावर दिलं आहे.